परतीची तार

पुढे कुठलीही गाडी जात असली की मी आधी तिची पाठ बघते. दिवा लागलाय का, दोन्ही लागलेत का, एखादा लुकलुकतोय का. नातसून हसते, "आजी, तुम्ही काय ट्रॅफिक पोलीस होता का?" नव्हते गं बाई. मी नर्स होते, लोकांच्या दंडात सुया टोचायचे. पण उमेदीची सहा वर्षं मी ज्या माणसाच्या शेजारी बसून यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेतली, त्यानं ही खोड मला लावली. ती काही आता सुटायची नाही.

त्याचं नाव थावरू. फुलसावंगीच्या अलीकडे एका गावात आमचा सरकारी दवाखाना होता, आणि दवाखान्याला लष्करानं काढून टाकलेली एक जुनी पिकअप मिळाली होती. तिच्या मागे दोन चाकांची ट्रॉली. लसीकरणाचा कॅम्प असला की तंबू, खाटा, औषधांच्या पेट्या सगळं त्या ट्रॉलीत. थावरू या लटांबराचा ड्रायव्हर. पण गाडीचं काहीही बिघडलं तरी तोच दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. मी थावरूभाऊ म्हणायचे. तो मला बाई म्हणायचा.

उंच, वाळका, कानात चांदीची बाळी, खाकी शर्टाच्या खिशाला कायम फुगवटा. मी रुजू झाले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, विड्यांचं बंडल असेल. त्यानं रुमाल काढला, उलगडला, आणि आतून निघाला एक लहानसा बल्ब, त्याला जोडलेल्या दोन तारा. तार कुठं मेली आणि कुठं जिती आहे, हे तो त्या बल्बनं बघायचा. बायको कुंकवाचा करंडा जपते तसा तो बल्ब जपायचा. आणि बल्ब काढायचा आळस आला तर सरळ तार जिभेला लावायचा. मी ओरडायचे, "थावरूभाऊ, शी! काय चाललंय?"

"आंबट लागून राह्यलं, बाई. म्हंजे करंट हाय."

"करंट असो नाहीतर आणखी काही. जंतू नाहीत का त्या तारेवर?"

"असतीन बी. मंग त्यायले बी बसला असन ना शॉक!"

असा माणूस. ज्या चाकूनं गंज खरवडायचा त्याच चाकूनं पेरू कापून माझ्यापुढे धरायचा. मी घेत नसे. दोनतीन वर्षांनी घ्यायला लागले, तेवढंच.

निघण्यापूर्वीचा त्याचा एक विधी होता आणि त्यात माझी नेमणूक ठरलेली होती. तो पुढे दिव्याचं बटण दाबणार आणि मी ट्रॉलीच्या मागे उभी राहून ओरडणार. "लागला काय?" तिकडून हाक. "लागला!" इकडून मी. भर दुपारी, डोक्यावर ऊन रणरणतंय, दिवा धड दिसत नाही, तरी हे करायचंच. माझं ओरडून झालं की तो स्वतः खाली उतरणार, मागे येणार, आणि एकेक तार बोटांनी धरून हलवून बघणार. शेवटी ट्रॉली आणि पिकअप जिथं जोडली जायची तिथं वाकून एका जाड तारेला हिसका देणार. मग गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणणार, "चाल, याडी." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

एकदा मी वैतागले. "मी सांगितलं ना लागला म्हणून? माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुमच्यावर हाय, बाई. तारीवर नाही," तो म्हणाला. "डोयाले दिसते ते उभ्या गाडीचं. गाडी चालाले लागली का सगळं हलते. म्हनून हात लावूनच पाहा लागते."

त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचा. शेकडो बैलांचा तांडा. थावरू सांगायचा की त्यात सगळ्यात शहाणा माणूस पुढे नसायचा, मागे असायचा. पुढच्याला फक्त वाट बघायची असते. मागून काय येतंय, कोण राहिलं, कोण धडकेल, ते मागच्यानं बघायचं. आजानं शेवटच्या बैलाच्या गळ्यात सगळ्यात मोठी घंटा बांधलेली असायची. "आता बैल गेले, घंटा गेली," तो म्हणायचा, "राह्यला हा लाल दिवा."

त्याच्या तांड्यात सरकारी नोकरी लागलेला तो पहिलाच. पण नोकरी कच्ची. दर काही महिन्यांनी नवा कागद यायचा, तोवर जीव टांगणीला. त्याला पर्मनंट व्हायचं होतं. हे त्यानं कधी लपवलं नाही, उलट येताजाता बोलून दाखवायचा. पर्मनंट झालो की तांड्यात विटांचं घर बांधीन, याडीला त्यात बसवीन, पोरीला शिकवीन, तुमच्यासारखी नर्स करीन. मी म्हणायचे, "माझ्यासारखी नको हो, हाडं मोडतील पोरीची." मीही कच्चीच होते. आमची दोघांची नावं एकाच यादीत यवतमाळला गेली होती, आणि दिवाळीनंतर ऑर्डरी निघणार असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

त्या आधीची वणीची गोष्ट सांगायला हवी. तिकडे पटकीची साथ आली होती आणि आमची गाडी महिनाभर तिकडं दिली होती. एका चहाच्या टपरीपुढे कोळशाचा ट्रक उभा, त्याला मागे ट्रेलर, आणि ट्रेलरचे दिवे बंद. तीन मिस्त्री तीन दिवस त्याला लागलेले. बल्ब नवे घातले, तार पुढून मागेपर्यंत नवी ओढली, तरी दिवा काही पेटेना. मालक कपाळाला हात लावून बाकावर बसलेला. आमच्या थावरूभाऊंनी चहा बशीत ओतला, फुर्र करून प्यायला, आणि त्या मिस्त्रींना विचारलं, "करंट मागं गेला, ते तं झालं. पन तो परत कुठून येते?"

तिघांनी नव्या तारेकडे बोट दाखवलं.

मग तो मला समजावून सांगतोय असं दाखवत त्यांना ऐकवू लागला. "बाई, करंट एका तारीनं जाते, दिव्यात जाते, आनि लोखंडातून घरी वापस येते. घरी आला तरच दिवा लागते. जानारी तार सगळेच पाह्यतात. परतीची कोनीच नाही पाहत." ट्रेलरखाली आडवा झाला, एक नट सोडला, चाकूनं खरवडलं. परतीच्या तारेच्या टोकाखाली गंज साचला होता. लोखंडाला लोखंड लागलं आणि दिवा भक्कन पेटला. तिसऱ्या मिस्त्रीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मालक मागेच लागला. म्हणाला, आजपासून माझ्याकडे ये, सरकार देतं त्याच्या दुप्पट देतो. थावरूनं हात जोडले. "सेठजी, माही ऑर्डर येऊन राह्यली." परतीच्या वाटेवर मी त्याला वेड्यात काढलं. तो हसला आणि म्हणाला, "पैसा तं कोनी बी देईन, बाई. सरकारचा शिक्का कोन देते?"

आता जे सांगायचंय ते सांगते. इतकी वर्षं घरातही कुणाला सांगितलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी त्याची आई आजारी पडली म्हणून तो चार दिवस तांड्यावर गेला होता. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. आमच्या भागात गाडी असो की नांगर, दसऱ्याला त्याला रंगाचा हात फिरलाच पाहिजे. नट असो, साखळी असो, जे दिसेल ते रंगवायचं. ट्रॉली तर गंजून लालभडक झालेली. कंपाउंडर गावंडे मला चिडवत होते, "बाई, तुमच्या थावरूभाऊची ट्रॉली म्हणजे भंगाराच्या दुकानातून पळून आलीय." मला आला राग. दवाखान्याच्या खिडक्यांचा हिरवा ऑइलपेंट डब्यात उरला होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी पदर खोचला आणि सबंध ट्रॉली एकटीनं रंगवली. तो परत आला की चकित होईल, एवढंच मनात.

पुढच्या दांड्यावर ती जाड तार मध्ये येत होती. तिच्यामुळे ब्रश नीट फिरेना. मी पान्हा घेतला, नट सोडला, तार बाजूला केली, खालचं लोखंड मस्त गुळगुळीत हिरवं केलं, आणि तार होती तशी लावून नट गच्च आवळला. वणीला त्यानं मला समोर बसवून सांगितलेलं सगळं मी ऐकलं होतं. ऐकलं होतं, पण माझ्या हाताखाली तीच परतीची तार आहे हे डोक्यातच आलं नाही.

दसऱ्याला तो सकाळी आला. ट्रॉली बघून थबकला. एक चक्कर मारली, दुसरी मारली. "कोनं केलं हे?" मी झेंडूची माळ ओवत होते, ओठ दाबून. तो दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ट्रॉली दाखवत होता. डॉक्टरांना दोनदा दाखवली.

दुसऱ्या दिवशी एका वाडीवर देवीच्या लसीचा कॅम्प होता. सकाळी निघताना विधी झाला. "लागला काय?" "लागला!" तो मागे आला. मागच्या दोन्ही तारा हलवून बघितल्या. मग पुढच्या दांड्याशी वाकला, हात पुढे नेला, आणि तसाच मागे घेतला. शर्टाला बोटं पुसली. मला वाटलं, काम झालं. "चाल, याडी."

परतताना दिवेलागण झाली. एका नाल्याच्या उतारावर समोर गुरं आली, गावाकडे परतणारी, पन्नास-साठ तरी. थावरूनं गाडी उतारातच थांबवली. धुळीनं पुढचं काही दिसेना. पुढचे दिवे लावलेले होते. मागचेही लागलेत असं आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात मागून धाडकन आवाज आला.

शाळेचे गुरुजी होते. बाजार करून सायकलवरून उतार उतरत होते. त्यांना ट्रॉली दिसलीच नाही. रस्त्यावर कांदे-बटाटे पसरले होते आणि गुरुजी कोपर धरून बसले होते, हाड सरळसरळ मोडलेलं. मी फळी बांधली. थावरू ट्रॉलीच्या मागे उभा होता. त्यानं गुरुजींकडे बघितलं, मग विझलेल्या दिव्यांकडे. नंतर त्यानं गुरुजींना उचलून पुढच्या सीटवर बसवलं आणि स्वतः सायकल ट्रॉलीत चढवली.

सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा तो ट्रॉलीपाशी बसला होता, खिशातला बल्ब काढून. आधी मागचा दिवा उघडला. बल्ब चांगला होता. दिव्याजवळच्या तारेला आपला बल्ब लावून बघितला, करंट येत होता. म्हणजे जाणारी तार धड. मग तो हळूहळू ट्रॉलीच्या बाजूनं पुढे सरकू लागला, दर हातभर अंतरावर लोखंडाचा रंग टोकरून बघत. त्याच्या आधी मला कळलं होतं. पोचला दांड्यापाशी. तारेला हिसका दिला. ती हलली नाही, मी गच्चच आवळली होती. त्यानं पान्हा लावला, नट सोडला, तार उचलली. खाली हिरवंगार. तारेच्या टोकालाही हिरवं कडं. निघताना नटाच्या आट्यांतून जेमतेम करंट गेला असेल, रस्त्याच्या हादऱ्यांनी तोही तुटला.

त्यानं ते बोटानं पुसून बघितलं. अजून चिकट होतं. मग चाकू काढला, रुपयाएवढी जागा खरवडून चकचकीत केली, तार लावली. दिवे पेटले. मी हातात कप धरून तिथंच उभी. तेव्हा बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "चहा थंडा होऊन राह्यला, बाई," आणि माझ्या हातून कप घेतला.

चौकशीला यवतमाळहून एक साहेब आले. डॉक्टरांच्या खोलीत टेबल मांडलं. मला विचारलं, मी सांगितलं, "निघताना दिवा लागला होता. मी स्वतः पाहिला." खोटं एक अक्षर नाही. खरं तेवढं मोजूनमापून सांगितलं.

मग त्याला विचारलं. तो म्हणाला, "परतीची तार धरत नव्हती, साहेब. निंगाच्या आधी हात लावून पाहाचं असते. म्या नाही पाह्यलं."

"पण तारेखाली रंग खरवडलेला दिसला मला. रंग कोणी दिला?"

त्याच यादीत माझं नाव होतं. घरी माझी आई आणि दोन बहिणी माझ्या पगारावर होत्या. मी साहेबांच्या पेनाच्या टोपणाकडे बघत राहिले.

"दसरा होता, साहेब," थावरू म्हणाला. "दसऱ्याले सगळ्याच गाड्यायले रंग लागते."

दिवाळीनंतर ऑर्डर आली. माझी. डॉक्टरांनी पेढा दिला, तो मी तसाच रुमालात बांधून ठेवला. थावरूला पुढचा कागद मिळालाच नाही. जाण्याच्या दिवशी त्यानं काय केलं असेल? गुरुजींची मोडकी सायकल दवाखान्याच्या मागे पडली होती. ती सरळ केली, तिला डायनामो बसवला, मागे लाल दिवा लावला, आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. गुरुजींचा हात पुढे कधी पुरता वळला नाही, पण त्यांनी थावरूला कधी बोल लावला नाही. तो गेला आणि मी नव्या ड्रायव्हरच्या शेजारी बसू लागले. नवा ड्रायव्हर कधीच "लागला काय?" विचारत नसे. मी आपली उतरून मागे जायचे, तारा हलवून यायचे. तो मला चक्रम समजायचा.

पाच वर्षांनी माझी यवतमाळला बदली झाली. माझं सामान त्याच पिकअपच्या त्याच ट्रॉलीत भरलं. आर्णीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. नाक्यावर एका निंबाच्या झाडाखाली टिनाचं छप्पर, आणि पुढे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग. दसरा नुकताच होऊन गेलेला. निळ्या, लाल, पिवळ्या, नव्या रंगानं झगमगणाऱ्या, वर सुकलेल्या माळा, आणि सगळ्यांचे दिवे बंद. रांगेच्या टोकाला एक वाळका माणूस चाकूनं नवा कोरा रंग खरवडत बसला होता. ट्रॉलीचा मालक कळवळत होता, "अरे मिस्त्री, दसऱ्यालेच रंग देल्ला ना बाप्पा!" आणि मिस्त्री म्हणत होता, "मंग दिवा बी रंगानंच लाव."

मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली.

केस पांढरे झाले होते, बाळी तीच. त्यानं मला बघितलं, मग ट्रॉलीला बघितलं, आणि खरं सांगते, ट्रॉलीला बघून जास्त हसला. याडी कशी आहे म्हणून मी विचारलं. "गेली," म्हणाला. विटांचं घर? "होईन, होईन." पोरगी सातवीत होती. मग त्यानं खिशातला रुमाल काढला. "थांबा बाई, पाहून घेतो."

"मी सकाळीच पाहिलंय, थावरूभाऊ. हात लावून पाहिलंय."

त्याचा हात थांबला. आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "तो रंग मी दिला होता. तार मी काढली होती. तुमची नोकरी मी घालवली, आणि साहेबांपुढे तोंड उघडलं नाही."

"मले मालूम हाय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या दिवसापासून. तुमच्या लुगड्याच्या काठाले हिरवा डाग होता."

मी रडायला लागले. भर नाक्यावर, ट्रॉलीवाल्यांच्या देखत. तो अवघडला. हातातला चाकू उगाच पुसू लागला. "म्या सायबाले खोटं नाही सांगतलं, बाई. त्या दिवशी हात लावाले गेलतो ना म्या. पन रंग ओला होता. एवढ्या हौसेनं तुमी देल्ला, आनि माह्या बोटाचा डाग पडला असता. जीव नाही झाला." मग म्हणाला, "येवढी एकच खेप नाही लावला हात."

नव्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. थावरू ट्रॉलीमागे गेला, मीच पुढे जाऊन बटण दाबलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी विचारलं, "लागला काय?"

गाडी निघाली. मी खिडकीतून मान काढून मागे बघत होते. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, हातात चाकू तसाच. ट्रॉलीवाला त्याला हाका मारत होता, पण तो आमच्याच पाठीकडे बघत होता. रस्ता खराब, ट्रॉली आदळत होती. दर आदळ्याला मी मनात म्हणायचे, आता विझला असेल. आणि दर वेळी मागून त्याचा आवाज यायचा, लांबून, मग आणखी लांबून:

"लागून राह्यला, बाई! लागून राह्यला!"